काळखडीची बोलणी

६ ऑक्टोबर १९७३, दसरा

आज बोअरच्या मशिनची पूजा झाली. गोजरबाईंनी कंप्रेसरला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मशिन चालवणाऱ्या वाउटरसाहेबांच्या कपाळालाही बोटभर कुंकू फासलं. साहेब हॉलंडचे, सहा फुटांच्या वर. त्यासाठी त्यांना गुडघ्यावर बसावं लागलं. त्यांचं नाव गावाला 'वाटर' असंच ऐकू येतं. पाणी काढायला आलेल्या माणसाचं नाव वाटर, यात काळखडीला काही नवल वाटत नाही.

दुसरे लुत्फीसाहेब. इजिप्तमधल्या सुएझ गावचे. पुण्यात भूगर्भशास्त्र शिकायला आले आणि इथल्या खडकातच रमले. कुठे खोदायचं ते हे सांगतात, वाटरसाहेब खोदतात. दुष्काळात पाथर्डीपासून कर्जतपर्यंत दोघं एकाच ट्रकमधून हिंडले, एकाच पातेल्यातून जेवले. सध्या त्यांचे रोजे चालू आहेत. गोजरबाईंनी दिलेला पेढा त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि सूर्य बुडाल्यावर आठवणीने खाल्ला. (मी मुद्दाम पाहत नव्हते, समोरच बसले होते.)

आणि मी दुभाषी. श्रीरामपूरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले ते कामाला आलं. बेलापूर सोडून श्रीगोंदा तालुक्यातल्या या माळावर निघाले तेव्हा आई रडली आणि दादा बोललाच नाही. तीन महिने झाले, अजून बोलत नाही. नको बोलू.

यंदा पाऊस बरा झाला म्हणून सगळे खूश आहेत. पण गावची विहीर संक्रांत झाली की तळ दाखवते. मग बायका नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यावर जातात. गेल्या वैशाखात झिऱ्याची दरड कोसळली आणि गोजरबाईंची सून मनकर्णा तिच्याखाली गेली. मी गोजरबाईंच्याच घरी राहते, पण त्यावर त्या कधी बोलत नाहीत. आज माळ घालताना मशिनला एवढंच म्हणाल्या, "आता तूच."

८ ऑक्टोबर

तिकडे लढाई लागली. इजिप्त आणि सीरिया एका बाजूला, इस्रायल दुसऱ्या बाजूला. वाटरसाहेबांच्या मोठ्या रेडिओवर लागलं. लुत्फीसाहेबांचा धाकटा भाऊ सैन्यात आहे. ते उभ्याउभ्याच ऐकत होते. सुएझचा कालवा ओलांडला असं सांगितलं तेव्हा त्यांनी मूठ आवळली. वाटरसाहेबांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "ज्यूंचा सण होता, त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला केलात."

लुत्फीसाहेब म्हणाले, "आमचीच जमीन होती. दिवस आम्ही निवडायचा."

रात्री दोघं वेगवेगळे जेवले. बोअर मात्र चांगलं उतरलं.

१३ ऑक्टोबर

गंमत नाही, खरंच होतंय हे. दोघंही इंग्रजी बोलतात, पण आता एकमेकांशी बोलत नाहीत. वाटरसाहेब मला म्हणतात, "त्याला सांग, खोदायचं बिट झिजलंय." लुत्फीसाहेब चार हातांवर उभे असतात. मी वळून इंग्रजीतच सांगते, बिट झिजलंय. ते म्हणतात, "त्याला सांग, मला डोळे आहेत." मी पुन्हा वळते. इंग्रजीचं इंग्रजी करते. गावची पोरं हसतात.

हसू दे. मी मात्र एक शिकले आहे. लुत्फीसाहेब म्हणाले, "त्याला सांग, त्याचं सरकार म्हणजे खुन्यांना हत्यारं पुरवणारं दुकान आहे." मी सांगितलं, "ते म्हणतात, त्यांचं मत वेगळं आहे." वाटरसाहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मूळ वाक्य ऐकलंच होतं. तरी म्हणाले, "बरं."

अशी मी दोघांची वाक्यं घासूनपुसून गुळगुळीत करते. हे काम चांगलं जमतं मला. घरात दादा आणि आप्पांच्या मध्ये हेच करत आले.

२४ ऑक्टोबर

आज मला काही जमलं नाही.

इस्रायलची बाजू घेतली म्हणून अरब देशांनी हॉलंडला तेल बंद केलं. बातमी संपायच्या आत वाटरसाहेब मशिनवरून उतरले आणि थेट लुत्फीसाहेबांसमोर गेले. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

"माझी आई बहात्तर वर्षांची आहे. थंडीत कुडकुडत बसेल. तिने तुमचं काय वाकडं केलं?"

"माझी आई मागच्या लढाईपासून सहा वर्षं निर्वासितांच्या खोलीत आहे. तिने तुमचं काय केलं होतं?"

"मी लहान होतो तेव्हा जर्मनांनी शेजारची दोन मुलं नेली. माझ्या वर्गातली. ज्यू होती म्हणून. परत आली नाहीत. आमच्या आळीतल्या सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. ते काय असतं तुला माहीत नाही."

लुत्फीसाहेबांचा चेहरा उन्हात काळवंडला होता, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. ते हळू म्हणाले, "ती मुलं मी नेली नाहीत, वाउटर. तुमच्या खिडकीतलं ओझं माझ्या आईच्या डोक्यावर का ठेवता?"

यावर काय भाषांतर करायचं? मी मध्ये उभी होते, हात नुसते खाली. गोजरबाईंनी विचारलं, "काय म्हनत्यात गं?" मी म्हटलं, "दोघांच्या आया आठवल्यात त्यांना."

"मग भांडत्यात कशापायी?" असं म्हणून त्या भाकरी थापायला गेल्या.

बोअर एकशे ऐंशी फुटांवर. धूळच उडतेय.

२७ ऑक्टोबर

दिवाळी आणि ईद यंदा लागून आल्या. गोजरबाईंनी करंज्या केल्या. सुनेच्या माघारी पहिलीच दिवाळी, पण म्हणाल्या, "परमुलखातल्या मानसाला सणाला रिकामं ठिवू न्हाई." दोघांना दोन ताटं नेऊन दिली.

लुत्फीसाहेबांनी करंजी हातात धरली आणि खाल्ली नाही. त्यांच्या भावाची फौज सुएझच्या पलीकडे वाळवंटात वेढली गेलीय. अन्न संपत आलंय. पाणी त्याहून कमी. "विजयमाला," ते म्हणाले (ते माझं नाव 'विगयमाला' असं म्हणतात, मी सुधारत नाही), "मी इथे जमिनीखालचं पाणी शोधतोय आणि तो तिथे..." करंजी ताटात परत ठेवली.

वाटरसाहेब फार वाईट वागतात. लुत्फीसाहेबांच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपलेत, काष्टीच्या बाजारातही मिळाले नाहीत. हे ठाऊक असून वाटरसाहेब आपला मोठा रेडिओ तंबूबाहेर आणून लावतात, आवाज पूर्ण मोठा, तोंड लुत्फीसाहेबांच्या तंबूकडे. त्यातही अरबी स्टेशन! स्वतःला अरबीचं अक्षर कळत नाही, तरी तास तास लावून बसतात. चिडवायचीही काही हद्द असते. मी आज सांगितलं, आवाज कमी करा. म्हणाले, "मला कमी ऐकू येतं." खोटं. मशिनचा आवाज जरा बदलला तरी यांना दुरून कळतं.

३० ऑक्टोबर

वाटरसाहेब सकाळी म्हणाले, "त्याला सांग, पाण्याच्या गाड्या वेढ्यातल्या फौजेपर्यंत पोचल्या. दोन स्टेशनांवर ऐकलं." मी सांगितलं. लुत्फीसाहेब तंबूत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटरसाहेबांचा राग आला. एवढी मोठी बातमी, सांगायची तर नीट सांगावी. ग्रीस लावता लावता, पाठ फिरवून कसली सांगता?

२ नोव्हेंबर

दादा आला होता. बोलला एकदाचा. राहुरीचं स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, त्यांनी चौकशी केली तेव्हा मी कुठे असते ते कळलं. "दोन परक्या पुरुषांत रानोमाळ हिंडणारी मुलगी कोण करील? महिनाअखेर घरी ये." मी म्हटलं, बोअर संपल्यावर बघू. तो म्हणाला, "जगाच्या भांडणात तुझं काय काम?"

म्हटलं, "भांडण चालत माझ्या दारात आलंय. दार कुठे नेऊ?"

जेवला नाही, गेला.

५ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहिलं पाहिजे.

आमच्या संस्थेच्या मुंबईच्या कार्यालयाची तार आली. मशिन नगरला परत आणा, डिझेल मिळत नाही. भूगर्भतज्ज्ञाची सेवा आजपासून बंद. वाटरसाहेबांनी दोनदा वाचली. मी विचारलं, सेवा का बंद? म्हणाले, "आमच्याकडे लोक चर्चमधून पैसे देतात. तेच लोक आता गाड्या घरी ठेवून रविवारी सायकलवर फिरतात. अरबाला पगार का, असं विचारतात." मग तार माझ्यापुढे धरली. "त्याला सांग."

मी हात मागे घेतला.

"नाही सांगणार."

"तुझं काम आहे ते."

"माझं काम मराठीचं इंग्रजी करायचं आहे. इंग्रजीचं इंग्रजी मी महिनाभर फुकट केलं. हे वाक्य माझ्या तोंडून जाणार नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर दीड वर्ष जेवलात. तुम्ही सांगा."

मी मागे सरकले नाही. एवढ्यात गोजरबाई आल्या, त्यांना मी तार सांगितली. शब्द न् शब्द. त्यांनी पदर खोचला आणि वस्तीकडे तोंड करून हाक दिली. बायडाबाई आली, राहीबाई आली, लेकुरवाळ्या आल्या. ट्रकच्या पुढच्या चाकांपाशी सगळ्या खाली बसल्या. कुणी ज्वारी निवडायला घेऊन आली, कुणी पोराला पाजत बसली.

"सायबाला सांग," गोजरबाई म्हणाल्या, "गाडी न्यायची तर आमच्यावरनं न्या. माझी सून झिऱ्यात गेली. आता पानी घेतल्याबिगर हे मशीन हलायचं न्हाई. दिल्लीचा हुकूम असू दे न्हाईतर त्यांच्या राणीचा."

मी सांगितलं. या वेळी काही घासलं-पुसलं नाही. राणीसुद्धा वगळली नाही.

वाटरसाहेब लाल झाले. मग तार घेऊन लुत्फीसाहेबांकडे गेले. दोघं दूर बाभळीखाली उभे राहिले. आम्ही इकडून बघत होतो. आधी वाटरसाहेब बोलले. लुत्फीसाहेबांनी तार वाचली, हसले. मग ओरडले. मग वाटरसाहेब ओरडले. मग दोघं एकदम ओरडले. राहीबाई म्हणाली, "आता मारामारी व्हतीय." झाली नाही. लुत्फीसाहेब खाली बसले आणि काडीने मातीत रेघा ओढायला लागले. वाटरसाहेब उभेच होते. बऱ्याच वेळाने तेही बसले, त्यांनी काडी हिसकून घेतली आणि एक रेघ पुसून दुसरी काढली.

परत आले तेव्हा वाटरसाहेब मला म्हणाले, "तो म्हणतो, अजून तीस फुटांवर कठीण पाषाण संपेल, खाली सच्छिद्र थर आहे. मी म्हणतो, नाही. खोदल्याशिवाय त्याला खोटं ठरवता येणार नाही. गावात डिझेल इंजिनं कुणाकुणाकडे आहेत?"

"आणि तार?"

"कुठली तार?" त्यांनी खिशावर हात ठेवला. "या भागात पोस्ट फार उशिरा पोचतं."

६ नोव्हेंबर

डिझेल गोळा केलं. पंपावर रांग आहे आणि मिळतं ते डबडंभर. पण विहिरींवरच्या इंजिनांच्या टाक्यांत थोडं थोडं असतं. बायका डबे घेऊन वस्तीवस्तीवर फिरल्या. कुणी दिलं, कुणी कुत्रं सोडलं. पुरेसं झालं नाही.

सरपंच सहादेव यांच्या गोठ्यात पिंप भरलेलं आहे, हे सगळ्या गावाला माहीत. आम्ही दारात जाऊन बसलो. त्यांनी ओट्यावरून सांगितलं, "डिझेल माझं, इंजीन माझं, ऊस माझा. तुमी कोन मागनाऱ्या?"

गोजरबाई म्हणाल्या, "आन् तान रं? ती कुनाची?"

"बोअर माझ्या मळ्यापाशी घ्या, सगळं पिंप देतो. त्या अरबानं माळावर जागा दावली, तिथं दगडाशिवाय काय हाय?"

मी उठले. या गावात मी सरपंचांशी कधी मान वर करून बोलले नव्हते. म्हटलं, "सरपंचसाहेब, तुमच्या मळ्यापाशी बोअर घेतलं तर माळावरच्या वस्तीतल्या बायांना तुमच्या बांधावर उभं राहून पाणी मागावं लागेल. म्हणून तुम्हाला ते तिथे हवंय. तिकडे मोठमोठे देश तेलाची तोटी हातात धरून एकमेकांना नमवतायत. तुम्ही पाण्याची धरायला बघताय. आम्ही नमणार नाही."

"बेलापूरच्या पाटलाची पोर असून आसं बोलती?"

"हो."

सगळ्या बसून राहिल्या. सरपंचांच्याच घरातून त्यांची बायको पुष्पावती बाहेर आली. गोठ्याची कडी काढली, दार सताड उघडलं आणि आमच्यात येऊन बसली. सरपंच ओट्यावर उभेच राहिले. मग आत गेले. पिंप आम्ही ढकलत आणलं.

९ नोव्हेंबर

काल कठीण पाषाण होता, आजही दुपारपर्यंत तोच. बिट तापून लाल. वाटरसाहेब म्हणाले, "लुत्फी, तुझा थर कुठे आहे?" (थेट म्हणाले. माझ्याकडे न वळता.) लुत्फीसाहेब म्हणाले, "तू पायाने खोदतोयस का? जरा जोर लाव."

मग आवाज बदलला. मला नाही कळलं, वाटरसाहेबांना कळलं. त्यांनी हात वर केला. धूळ बंद झाली, काळा चिखल आला, मग तांबडा, आणि मग एकदम पाण्याचा लोट मशिनच्या वर गेला. आम्ही सगळ्या भिजलो. बायडाबाई किंचाळत होती. गोजरबाई मात्र तशाच उभ्या. तोंडावरून पाणी निथळत होतं, ते पुसलंही नाही. मग मशिनकडे गेल्या आणि त्याच्या तापलेल्या लोखंडावर कपाळ टेकलं. मी धावून त्यांना मागे ओढलं. कपाळ भाजलं होतं थोडं. मला धरून रडल्या. सुनेचं नाव घेऊन रडल्या, पहिल्यांदा.

दोघं साहेब चिखलात उभे होते. वाटरसाहेब म्हणाले, "तुझ्या भावाच्या फौजेला पाणी पोचलं ते पुरेसं नाही, मला माहीत आहे."

लुत्फीसाहेब म्हणाले, "तेल बंद केलं ते बरोबरच आहे, असं मी अजूनही म्हणतो."

"आणि ते चूक आहे, असं मी म्हणतो."

"म्हण." आणि लुत्फीसाहेबांनी त्यांना मिठी मारली. चिखलासकट.

१९ नोव्हेंबर

मुंबईचे मोठे साहेब जीप घेऊन आले. तेही हॉलंडचेच. खूप चिडले होते. हुकूम मोडून मशिन कुणाच्या परवानगीने चालवलं? वाटरसाहेब म्हणाले, "माझ्या." लुत्फीसाहेब म्हणाले, "माझ्याही." गोजरबाईंनी मला अर्थ विचारला आणि म्हणाल्या, "माझ्या."

साहेब मला म्हणाले, "या बाईंना नम्रपणे सांगा, संस्थेचे काही नियम असतात."

मी सांगितलं. गोजरबाई म्हणाल्या, "त्याला सांग, तुमी पानी दिलं, उपकार झाले. पन ह्या मानसाचं काम तो कुठल्या मुलखाचा म्हनून काढून घेतलंत, त्याची लाज वाटू द्या. ह्यो मानूस रोजा धरून आमच्यासाठी उन्हात उभा हुता. त्याला काढनार आसाल तर बोअरवर तुमच्या संस्थेची पाटी लावायची न्हाई. लावली तर मी उपटीन."

मोठे साहेब माझ्याकडे बघत होते. मला एक नरम वाक्य आठवलंही होतं. ते मी गिळलं आणि सगळं सांगितलं, उपटीनपर्यंत.

साहेबांनी बोअरकडे पाहिलं. बायका कळश्या भरत होत्या. शेवटी म्हणाले, मशिन मार्चपर्यंत या भागात राहील, भूगर्भतज्ज्ञाबद्दल ते वर लिहितील. पाटीबद्दल काही बोलले नाहीत.

पण लुत्फीसाहेब थांबणार नाहीत. भावाची काही बातमी नाही, घरी जायचंय. आज दुपारच्या एस.टी.ने गेले. वाटरसाहेबांनी त्यांना तो मोठा रेडिओ दिला. एवढी महागाची वस्तू! मी फाट्यापर्यंत गेले होते. एस.टी. गेल्यावर तिथेच थांबले. त्यानंतर श्रीगोंद्याची आली, तीही गेली, तरी उभी होते. वारा चांगला होता.

१६ डिसेंबर

सरपंचांच्या घरी पुष्पावतीबाईंनी आज पहिल्यांदाच रेडिओ बायकांसाठी लावला. बातमी होती की युरोपच्या पुढाऱ्यांची डेन्मार्कमध्ये बैठक झाली, तिथे अरब देशांचे मंत्री आपणहून गेले. आता दोघांची बोलणी होणार म्हणे. गोजरबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मधी कोनी बाई हाय का?"

"माहीत नाही. नसावी."

"मग लई दिस लागतील," असं म्हणून त्या हसल्या.

उद्या मशिन पुढच्या गावाला निघतं. वाटरसाहेबांनी विचारलं, येणार का? मी हो म्हटलं. जागा दाखवायला पुण्याहून नवीन माणूस येतोय. जसा असेल तसा असो.

संध्याकाळी दादा आला. या वेळी आप्पांना घेऊन. राहुरीकरांनी निरोप धाडलाय, मुलगी सरपंचाच्या दारात धरणं धरून बसली, साहेबाला उलट बोलली, असली सून नको. दादा खाली मान घालून सांगत होता.

मी म्हटलं, "बरं झालं, त्यांनीच कळवलं."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. मला अजून बोलायचं होतं सरपंचांना, वेळ मिळाला नाही."

आप्पांना ठसका लागला. हसले की काय, कळलं नाही. गोजरबाईंनी त्यांना तांब्या दिला, बोअरचं पाणी. प्याले. पुन्हा मागितलं.

दादा म्हणाला, "बेलापुरात लोक विचारतील, विजयमाला घरी का आली नाही. काय सांगू त्यांना?"

आतापर्यंत घरात मी दोघांच्या मध्ये उभी राहून प्रत्येकाचं बोलणं मऊ करून पलीकडे पोचवत आले. आज त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "सांग की तिने नाही म्हटलं. ती पुढच्या गावाला जातेय, तिथे पाणी नाही म्हणून. एवढंच सांग, दादा. आणि त्यातला एक शब्दही मऊ करू नकोस."